अंतराळमालिका आणि इतिहासाचे व्याकरण

ऐतिहासिक कादंबरीवर वाद घालण्याची मराठी समीक्षेला जुनी सवय आहे. बखरीवर कितपत विसंबावे, कादंबरीकाराने अस्सल कागदांशी किती बांधील राहावे, ललित स्वातंत्र्याची सीमा कोठे आखावी, हे प्रश्न आपण वर्गात आणि वर्गाबाहेर वर्षानुवर्षे चर्चिले आहेत. मात्र ही चर्चा करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा शिवकाल असतो किंवा पेशवाई. ज्या काळाची छायाचित्रे, ध्वनिमुद्रिते आणि चौकशी-अहवाल उपलब्ध आहेत, ज्यातील पात्रांची मुलेबाळे आज हयात आहेत, अशा अलीकडच्या इतिहासाला ललित रूप देताना नेमके काय घडते, याकडे आपले लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. अंतराळ संशोधनाच्या इतिहासावरील दूरचित्रवाणी मालिका हा या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा प्रकार आहे. हा विषय विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. पण या मालिकांनी उभे केलेले प्रश्न कथनाचे आहेत, आणि कथन हे तर आपलेच क्षेत्र.

अशी मालिका प्रसारित झाली की तिच्यातील चुका शोधण्याचा एक उद्योग लगोलग सुरू होतो. अंतराळवीराच्या पोशाखावरील बोधचिन्ह त्या साली अस्तित्वात होते का, नियंत्रण कक्षातील पडदे तसेच होते का, याची टिपणे केली जातात. हा उद्योग निरुपयोगी नाही, पण त्यामुळे अचूकपणा म्हणजे सामानसुमानाचा अचूकपणा असा समज रूढ होतो. निर्मातेही याच समजाचा आधार घेतात. यानाची हुबेहूब प्रतिकृती उभारली, बटणांच्या जागादेखील मूळ नकाशावरून ठरवल्या, हे अभिमानाने सांगितले जाते. माझ्या मते अचूकपणाच्या तीन पातळ्या वेगळ्या करायला हव्यात. पहिली तपशिलाची. दुसरी कार्यकारणाची, म्हणजे अमुक गोष्ट कशामुळे घडली याची. तिसरी न्यायाची, म्हणजे ज्या माणसांची नावे आपण घेतो त्यांच्या पदरात त्यांचे श्रेय आणि दोष योग्य मापाने पडतात की नाही याची. पहिल्या पातळीवर काटेकोर असलेल्या कलाकृती दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवर बेफिकीर असू शकतात. किंबहुना पहिल्या पातळीवरील काटेकोरपणा पुढच्या दोन पातळ्यांवरील बेफिकिरी झाकून टाकतो. बटणे खरी आहेत म्हटल्यावर माणसेही खरीच असतील, असे प्रेक्षक धरून चालतो.

हे असे का होते, याचे उत्तर व्याकरणात सापडते. मराठी क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेत शिकलो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. इतिहासकाराच्या लेखनात स्वार्थाबरोबर विध्यर्थाचाही भरपूर वापर असतो. ‘असे घडले असावे’, ‘या पत्रावरून तसे दिसते’, ‘याला दुसरा पुरावा नाही’ अशा वाक्यांनी तो आपल्या विधानाचे वजन कमीजास्त करीत असतो. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध करून पानिपतच्या काळातील पत्रे वाचकांसमोर ठेवली, तेव्हा त्यांनी आपल्याला शिकवले ते हेच की विधानामागे कागद कोणता, हे विचारायचे असते. पडद्याला मात्र फक्त स्वार्थच येतो. नट दार उघडून आत येतो, म्हणजे तो आत आला. ‘बहुधा आला असावा’ असे चित्रित करण्याची सोय कॅमेऱ्याजवळ नाही. निर्विवाद पुराव्यावर आधारलेला प्रसंग आणि लेखकाने रात्रीतून रचलेला प्रसंग पडद्यावर एकाच ठामपणाने घडतात. कादंबरीतही हा धोका असतोच. पण तिथे निदान निवेदकाचा सूर असतो, त्याच्या शंका असतात. मालिकेत तो आवाजच बहुधा नसतो.

व्याकरणाचाच मुद्दा निघाला आहे, तर एक लहानसे उदाहरण पाहू. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ या यानातील प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा जॅक स्वायगर्ट आणि पाठोपाठ जिम लव्हेल यांनी ह्यूस्टनला जे कळवले, त्याचा आशय ‘इथे आत्ता काहीतरी अडचण उद्भवली’ असा होता. १९९५ च्या चित्रपटात ते वाक्य ‘आपल्यापुढे अडचण आहे’ असे वर्तमानकाळी झाले, आणि जगभर तेच रूढ झाले. बदल सूक्ष्म आहे आणि नाट्याच्या दृष्टीने समजण्यासारखाही आहे. पण मूळ वाक्यात वैमानिकाची सवय आहे : घडलेल्या गोष्टीची शांतपणे नोंद करण्याची. नव्या वाक्यात संकट आहे. एका काळाच्या फरकाने प्रशिक्षणाच्या जागी थरार आला. त्याच चित्रपटातील ‘अपयश हा पर्याय नाही’ या आशयाचे सुप्रसिद्ध वाक्य उड्डाण संचालक जीन क्रान्झ यांनी त्या वेळी उच्चारलेले नव्हते; ते पटकथाकारांचे होते. पुढे २००० मध्ये क्रान्झ यांनी आपल्या आत्मचरित्राला तेच शीर्षक दिले! कल्पित वाक्याने खऱ्या माणसाच्या आत्मचरित्रात शिरावे, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. या दोन बदलांनी कोणाचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. त्यामुळे ललित स्वातंत्र्याची निरुपद्रवी बाजू म्हणून ते लक्षात ठेवावेत, आणि आता उपद्रवी बाजूकडे वळावे.

व्हर्जिल ‘गस’ ग्रिसम हे अंतराळात गेलेले दुसरे अमेरिकी. २१ जुलै १९६१ रोजी त्यांची ‘लिबर्टी बेल ७’ ही कुपी अटलांटिक महासागरात उतरली. स्फोटकांनी उघडणारे तिचे दार वेळेआधीच उडाले, पाणी आत शिरले आणि कुपी बुडाली. ग्रिसम स्वतः बुडता बुडता वाचले. दार आपण उघडले नाही, असे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले, आणि चौकशीतही त्यांच्यावर दोष आला नाही. टॉम वुल्फ यांच्या १९७९ च्या ‘द राइट स्टफ’ या पुस्तकाने आणि विशेषतः १९८३ मध्ये त्यावर निघालेल्या चित्रपटाने मात्र घाबरून गोंधळलेला माणूस अशी त्यांची प्रतिमा लोकांच्या मनात रुजवली. वास्तविक पुरावा उलट बाजूचा होता. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा यांनी आपल्या कुपीचे तसलेच दार मुद्दाम हाताने उडवले, तेव्हा त्या दट्ट्याच्या धक्क्याने त्यांच्या हाताला जखम झाली. ग्रिसम यांच्या हातावर तशी खूण नव्हती. शिवाय वरिष्ठांना त्यांच्या धैर्याविषयी शंका असती, तर १९६५ मध्ये जेमिनी मालिकेतील पहिल्या मानवी उड्डाणाचे आणि त्यानंतर पहिल्या अपोलोचे नेतृत्व त्यांच्याकडे आले नसते.

या प्रकरणाची शोकात्म बाजू पुढेच आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरील चाचणी चालू असताना अपोलो १ च्या कक्षात आग लागली. आत शुद्ध प्राणवायू होता, तोही वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक दाबाने भरलेला. दार आतल्या बाजूस उघडणारे होते, आणि आगीने दाब वाढल्यावर ते उघडणे कोणाच्याच आवाक्यात राहिले नाही. ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे गेले. एका दारामुळे ज्याच्या नावाला डाग लागला, तो दुसऱ्या दारामागे मेला. चित्रपट आला तेव्हा उत्तर द्यायला तो उरला नव्हता. १९९९ मध्ये ‘लिबर्टी बेल ७’ जवळपास पाच किलोमीटर खोल समुद्रातून वर काढण्यात आली. पण बुडालेली कुपी वर काढणे जितके शक्य झाले, तितके पडद्याने बुडवलेले नाव वर काढणे शक्य झालेले नाही. न्यायाची पातळी म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

त्याच आगीची कथा दूरचित्रवाणीवर वेगळ्या पद्धतीने सांगितली गेली. १९९८ मध्ये एचबीओने प्रसारित केलेली ‘फ्रॉम द अर्थ टू द मून’ ही बारा भागांची मालिका, टॉम हॅन्क्स यांच्या पुढाकाराने आणि बव्हंशी अँड्र्यू चेकिन यांच्या १९९४ मधील ग्रंथाच्या आधारे निर्माण झाली. तिचा दुसरा भाग अपोलो १ वर आहे. तिथे खलनायक सापडत नाही. यान बनवणारी कंपनी, तिच्यावर देखरेख करणारी नासा, घाईचे वेळापत्रक, आणि जमिनीवरील चाचणीत कोणता धोका असणार ही सर्वांचीच समजूत, असा दोष अनेक जागी वाटलेला दिसतो. चौकशीसमोर उभे राहणारे फ्रँक बोरमन आणि आतून खचत जाणारे जो शे ही दोन माणसे त्या दोषाचे ओझे वेगवेगळ्या प्रकारे वाहतात. नाट्याला संघर्ष लागतो, संघर्षाला दुर्जन लागतो, हे समीकरण इथे लेखकांनी स्वीकारले नाही, आणि तरी भाग परिणामकारक झाला.

याच मालिकेतील ‘स्पायडर’ हा पाचवा भाग तर कथनाच्या वर्गात दाखवावा असा आहे. त्याचा नायक एक यंत्र आहे : चंद्रावर उतरणारे यान. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील ग्रमन कंपनीत टॉम केली आणि त्यांचे सहकारी ते वर्षानुवर्षे घडवीत होते. त्याआधी जॉन हुबोल्ट नावाच्या अभियंत्याने चंद्राच्या कक्षेत दोन यानांची भेट घडवून आणण्याची कल्पना लावून धरली होती, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात अधिकाराची उतरंड ओलांडून वरिष्ठांना थेट पत्र लिहिले होते. वजन कमी करायचे म्हणून यानातील आसने काढून टाकली गेली. अंतराळवीर उभे राहिले, त्यामुळे खिडकीजवळ आले. ते जवळ आल्यामुळे खिडक्या लहान करता आल्या आणि काचेचे वजन वाचले. ही कार्यकारणाची साखळी म्हणजेच त्या भागाचे कथानक. इथे विचार करण्याची क्रिया नाट्यमय झाली आहे, आणि ती करण्यासाठी कोणाचे चारित्र्य वाकवावे लागलेले नाही.

अर्थात ही मालिका कल्पित पात्रे टाळते असे नाही. एमेट सीबॉर्न हा तिच्यातील वृत्तनिवेदक काल्पनिक आहे आणि त्याची वाहिनीही काल्पनिक आहे. अपोलो १३ वरचा भाग यानात न जाता वार्ताहरांच्या बाजूने सांगितलेला असून, तिथे संयमी जुनी पत्रकारिता आणि कुटुंबीयांच्या अश्रूंमागे धावणारी नवी पत्रकारिता यांचा संघर्ष आहे. तो संघर्ष कल्पित माणसांच्या अंगावर घातल्यामुळे कोणत्याही खऱ्या वार्ताहराच्या नावाला धक्का लागत नाही. तेव्हा कल्पित पात्र घ्यावे की घेऊ नये, हा खरा प्रश्न नव्हेच. ते पात्र कोणाच्या जागेवर उभे आहे आणि त्याची सावली कोणावर पडते, हा प्रश्न आहे.

याच प्रश्नाने आपण आपल्या घरच्या उदाहरणाकडे येतो. ‘रॉकेट बॉइज’ ही हिंदी मालिका सोनी लिव्हवर आली. पहिले पर्व २०२२ मध्ये, दुसरे २०२३ मध्ये. मुंबईत जन्मलेले आणि मुंबईतच आपले बहुतेक कार्य उभारलेले होमी भाभा आणि अहमदाबादचे विक्रम साराभाई हे तिचे नायक. भारतीय पडद्याने वैज्ञानिकांना नायकपद द्यावे, त्यांच्या मतभेदांना, विनोदाला आणि एकटेपणाला जागा द्यावी, ही गोष्टच स्वागतार्ह होती. जिम सर्भ आणि इश्वाक सिंग यांचे अभिनय, जुन्या काळाची रंगसंगती, संवादांतील चुरचुरीतपणा, या सर्वांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. त्या कौतुकात मीही सहभागी आहे, आणि म्हणूनच पुढची तक्रार नोंदवणे मला आवश्यक वाटते.

मालिकेत रझा मेहदी नावाचा कलकत्त्याचा पदार्थवैज्ञानिक आहे. भाभांशी त्याचे वैर आहे, आणि त्याच्याभोवती संशयाचे वातावरण आहे. हे पात्र काल्पनिक असल्याचे निर्मात्यांनी सांगितले. परंतु कलकत्ता, सायक्लोट्रॉन आणि भाभांचा विरोधक हे तीन धागे एकत्र आले की इतिहासाच्या वाचकाला एकच नाव आठवते : मेघनाद साहा. तसे ते अनेकांना आठवले आणि वाद झाला. वादात प्रामुख्याने विचारले गेले ते पात्राच्या धर्माविषयी : भाभांचा कल्पित प्रतिस्पर्धी मुस्लिमच का असावा? प्रश्न रास्त आहे. पण त्याहून खोल असे एक नुकसान झाले, त्याची चर्चा कमी झाली.

साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील गरीब दुकानदाराचे पुत्र. कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना जातिभेदाचा अनुभव आला. १९२० मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या वर्णपटाचा उलगडा करणारे आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि जागतिक कीर्ती मिळवली. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. भाभांशी त्यांचा मतभेद होता तो अणुऊर्जेची व्यवस्था कशी असावी यावर. १९४८ च्या कायद्यातील गोपनीयतेवर त्यांचा आक्षेप होता, आणि हे संशोधन विद्यापीठांना बरोबर घेऊन व्हावे असा त्यांचा आग्रह होता. १९५४ मध्ये हा वाद संसदेत उघडपणे झाला. निर्णय भाभांच्या बाजूने लागला. अणुसंशोधन विद्यापीठांच्या बाहेर, स्वतंत्र संस्थांत वाढले, आणि त्या संस्थांनी मोठी कामे केली हे निर्विवाद. पण अध्यापन एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे, ही फारकतही आपल्या वाट्याला आली. विद्यापीठांत शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या आपणा सर्वांच्या दैनंदिन अनुभवाशी त्या वादाचा संबंध आहे.

आता या वादाचे मालिकेत काय झाले ते पाहावे. उच्चभ्रू मुंबई आणि गरिबीतून वर आलेला कलकत्त्याचा वैज्ञानिक यांच्यातील वर्ग आणि जात यांचा ताण गेला. गुप्तता विरुद्ध खुलेपणा हा तात्त्विक झगडा पुसट झाला. त्यांच्या जागी वैयक्तिक असूया आणि निष्ठेविषयीचा संशय आला. ऐतिहासिक विरोधकाजवळ युक्तिवाद होता, कल्पित विरोधकाजवळ प्रामुख्याने सल आहे. मतभेदाचे रूपांतर मत्सरात करणे ही मालिकालेखनाची सर्वांत जुनी सोय आहे, आणि विचारांच्या इतिहासाचे सर्वांत मोठे नुकसान तीच करते. सीबॉर्नच्या पात्राने एक प्रश्न मोकळा केला होता. मेहदीच्या पात्राने एक प्रश्न झाकला. दोन्ही पात्रे कल्पितच, परंतु दोन्ही ठिकाणी कल्पिताचा उपयोग सारखा झालेला नाही.

दुसरे उदाहरण भाभांच्या मृत्यूचे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ माणसे गेली. चौकशीत निघालेला निष्कर्ष नाट्यहीन होता : विमानातील दिशादर्शक यंत्रणेचा एक संच बिघडलेला होता, वैमानिकाला आपण कडा ओलांडला असे वाटले, नियंत्रकाने केलेली दुरुस्ती नीट उमजली नाही. याच पर्वतावर, जवळपास त्याच ठिकाणी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ आदळून ४८ जण मरण पावले होते. त्या पर्वताला अपघात घडवायला परकीय हेरांची मदत लागत नव्हती, हे ही दोन वर्षे शेजारी ठेवली की जाणवते. तरी भाभांच्या मृत्यूमागे अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा हात असल्याची वदंता दीर्घकाळ फिरत आहे, आणि मालिकेच्या दुसऱ्या पर्वाने त्या वदंतेला कथानकात मोठी जागा दिली.

संशय व्यक्त करणे गैर नाही. पण वर म्हटल्याप्रमाणे पडद्याला संशय व्यक्त करता येत नाही. तो घडवूनच दाखवावा लागतो. लेखात ‘असे काही जण मानतात’ इतक्याच वजनाचे असलेले विधान पडद्यावर चेहरे, खोल्या आणि फोनवरचे आवाज घेऊन येते आणि मग ते विधान राहत नाही, आठवण होते. यात आणखी एक गोष्ट घडते. अपघात मानला तर त्या विमानात ११७ प्रवासी आणि कर्मचारी असतात. कट मानला तर विमानात एकच माणूस उरतो, बाकीचे ११६ त्याच्या शोकांतिकेचे नेपथ्य होतात.

मालिकेचे पहिले पर्व थुंब्याच्या प्रक्षेपणापर्यंत येऊन पोचते. २१ नोव्हेंबर १९६३ ची ती संध्याकाळ आपल्या सार्वजनिक स्मृतीत एका चित्राने व्यापलेली आहे : सायकलवरून नेला जाणारा अग्निबाणाचा शंकू. ते छायाचित्र अस्सल आहे आणि सुंदर आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ते टिपले, मात्र १९६६ मध्ये. पहिल्या प्रक्षेपणाच्या दिवशी काय झाले ते अब्दुल कलाम यांच्या आत्मकथनात आहे. चर्चच्या इमारतीत जोडलेला अग्निबाण ट्रकने नेला गेला, हाताने चालवायच्या जलदाबी यारीला गळती लागली, आणि शेवटी सर्वांनी मिळून तो हातांनी उचलून बसवला. आणखी एक तपशील असा, की तो नायके-अपाची अग्निबाण अमेरिकेने दिलेला होता आणि त्यातील सोडियमच्या वाफेचा प्रयोग फ्रान्सच्या सहकार्याचा होता. सोव्हिएत संघाचेही साहाय्य या केंद्राला मिळाले. शीतयुद्ध ऐन भरात असताना दोन्ही गटांना एका मच्छीमार गावाच्या किनाऱ्यावर सहकार्याला आणणे, हे साराभाईंचे कौशल्य होते. ‘आम्ही सारे स्वतःच्या बळावर केले’ या रूपातच ती कथा सांगायची ठरवली, तर साराभाईंचे श्रेय वाढत नाही, उलट त्यांचे सर्वांत अवघड काम अदृश्य होते. अभिमानापोटी केलेली चूक ही द्वेषापोटी केलेल्या चुकीइतकीच कार्यकारणाला घातक असते.

आता या प्रकारातील सर्वांत उघडपणे ‘खोटी’ मालिका घेऊ. २०१९ मध्ये अॅपल टीव्ही प्लसवर सुरू झालेल्या ‘फॉर ऑल मॅनकाइंड’मध्ये चंद्रावर पहिले पाऊल ठेवतो तो सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह. तिथून पुढे सारा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. स्पर्धेच्या ईर्ष्येने अमेरिका सत्तरच्या दशकाच्या आरंभीच स्त्रियांना अंतराळवीर म्हणून घडवते. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, ही कल्पना घेऊन जयंत नारळीकरांनी लिहिलेली कथा आपण वाचलेली आहे. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ही मालिका संकेतार्थात बोलते : जर असे झाले असते, तर तसे झाले असते. तिचा प्रेक्षकाशी असलेला करार पहिल्या प्रसंगातच स्पष्ट होतो, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न येत नाही.

गंमत अशी, की या संकेतार्थातून स्वार्थी विधानांनी वगळलेला इतिहास बाहेर येतो. अमेरिकी चांद्रमोहिमेचा अग्निबाण घडवणारे वेर्नर फॉन ब्राउन यांचे जर्मनीतील व्ही-२ अग्निबाण मिटेलबाउ-डोरा येथील कैद्यांच्या वेठबिगारीवर बनले. त्या छळछावणीत आलेल्या सुमारे साठ हजारांपैकी सुमारे वीस हजार माणसे मेली. या मालिकेत फॉन ब्राउन यांना काँग्रेससमोर याचा जाब द्यावा लागतो. प्रत्यक्षात तशी सुनावणी झाली नाही. म्हणजे प्रसंग कल्पित, पण त्यात विचारलेला प्रश्न आणि त्यामागील मृत्यू खरे. तीच गोष्ट स्त्रियांची. अमेरिकेत १९६०-६१ मध्ये तेरा स्त्री वैमानिकांनी अंतराळवीरांसाठीच्या वैद्यकीय चाचण्या उत्तीर्ण केल्या होत्या, जुलै १९६२ मध्ये त्यांच्या बाजूने काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षही झाली, आणि तरी पहिली अमेरिकी स्त्री, सॅली राइड, अंतराळात पोचली ती १९८३ मध्ये. व्हॅलेंटिना तेरेश्कोवा यांच्यानंतर वीस वर्षांनी. कल्पित इतिहास बघताना प्रेक्षक आपोआप विचारतो : मग खरे काय झाले? जी कलाकृती हा प्रश्न विचारायला लावते, ती इतिहासाची शत्रू म्हणता येणार नाही.

इथे एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो वजनदार आहे. इतिहासकार घडलेले सांगतो, कवी घडू शकेल असे सांगतो, म्हणून काव्य अधिक तत्त्वदर्शी, असे अॅरिस्टॉटलने म्हटलेच आहे. मग मालिकेला चौकशी-अहवालाची मोजपट्टी का लावावी? शिवाय निवड आणि संक्षेप तर इतिहासकारही करतो. चार लाख माणसांनी मिळून केलेली अपोलो मोहीम बारा तासांत सांगायची, तर दहा जणांचा एक माणूस करावाच लागणार. हे सर्व मला मान्य आहे. मात्र अॅरिस्टॉटलच्या विधानात एक अट दडलेली आहे : संभाव्यता आणि अपरिहार्यता. काव्य घटनांची सांधेजोड अधिक काटेकोर करते, म्हणून ते वरचढ. ‘स्पायडर’ त्या अर्थाने काव्याच्या बाजूचा आहे. युक्तिवादाच्या जागी मत्सर आणि अपघाताच्या जागी कट ठेवणारे कथन मात्र सांधेजोड सैल करते. ते इतिहास म्हणून उणे पडते आणि त्याच कारणाने नाट्य म्हणूनही. आणि दुसरे असे, की ज्याला कवीचे स्वातंत्र्य हवे, त्याने खऱ्या नावांची, तारखांची आणि जुन्या चित्रफितींची उसनवारी करताना तिची किंमतही मोजावी. आरंभी काही क्षण झळकणारी ‘काही प्रसंग काल्पनिक आहेत’ ही पाटी पुरेशी नाही. पाटी एकदा म्हणते ‘काल्पनिक’, आणि मालिका आठ तास म्हणत राहते ‘खरे’.

वगळण्याविषयीही एक शब्द. भाभा आणि साराभाई यांची भेट झाली ती बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या सावलीत. त्याच संस्थेत १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी, यांना स्त्री असल्यामुळे रामन यांनी आधी प्रवेश नाकारला होता. त्या आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, हे मराठी वाचकाला सांगायला नको. रामन यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या अॅना मणी यांनी १९६३ मध्ये थुंब्याला हवामान वेधशाळा उभारली. ‘बॉइज’ हा शब्द शीर्षकात घेऊन त्या काळाकडे पाहणाऱ्या कोणत्याही कथनापुढे या दोन नावांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. प्रत्येकाला जागा देता येत नाही, हे खरे. पण कोणाला जागा मिळत नाही याचे काही एक नियमित वळण दिसू लागले, की तो केवळ वेळेचा प्रश्न उरत नाही.

तेव्हा अध्यापकांनी या मालिकांचे काय करावे? त्या दाखवू नयेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासाला जोडून त्यांतील एखादा भाग जरूर घ्यावा आणि विद्यार्थ्यांना प्रत्येक प्रसंगापुढे तीन प्रश्न विचारायला सांगावेत. हा संक्षेप आहे की उलटापालट, म्हणजे घटनेचे कारण तेच राहिले आहे की बदलले? या प्रसंगात दोष ज्याच्या माथी जातो, त्याला किंवा त्याच्या बाजूने कोणाला उत्तर देता येईल का? आणि हाच प्रसंग लेखात लिहायचा झाल्यास क्रियापदाचा अर्थ कोणता वापरावा लागेल? तिसरा प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी आहे. पडद्यावरील ‘आला’चे भाषांतर ‘आला असावा’ असे करता येणे, ही साक्षरता आहे.

या विषयाची निकड पुढच्या काळात वाढणार आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा अवतरक चंद्राच्या पृष्ठभागाजवळ येऊन संपर्काबाहेर गेला आणि आदळला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या परिसरात अलगद उतरले. या चार वर्षांवर उद्या मालिका निघेल, निघायलाच हवी. तिच्यातील अवतरकाची प्रतिकृती हुबेहूब असेल याची मला खात्री आहे. पण पहिल्या अपयशाचे कारण सांगताना लेखक अवतरकाच्या नियंत्रणप्रणालीतील दोष, तपासलेले आणि न तपासलेले पर्याय, बदललेली रचना यांच्या मागे जातील, की संस्थेत एक मत्सरी अधिकारी आणि परदेशात एक कट शोधून काढतील, यावर ती मालिका किती खरी हे ठरेल. ज्या अभियंत्यांनी ती चार वर्षे जगली, ते तेव्हा प्रेक्षकांत बसलेले असतील.